संशोधन करायला उज्जैनला

सुरुवातीलाच माफी मागून घेतो. प्रवासवर्णनं लिहिणारी माणसं डोंगर चढतात, समुद्र ओलांडतात. मी जळगावहून उज्जैनला गेलो आणि पाचव्या दिवशी परत आलो. शिवाय ज्या देशाबद्दल बोलायला गेलो होतो तो अमेरिका, आणि तोही दोनशे वर्षांपूर्वीचा. तिथे मी गेलेलो नाही आणि जाण्याची चिन्हंही नाहीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी काहीही लिहिलं की घरचे लोक ते न वाचताच चांगलं म्हणतात. वाचकांनी तसं करू नये. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी आमच्या मॅडमनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितो आहे. काही चुकलं तर दुरुस्त करून घ्यावं. दुरुस्तीबद्दल पुढे बरंच येणार आहे.

उज्जैनच्या एका चर्चासत्रात मला पेपर वाचायचा होता. त्याचा विषय थोडक्यात सांगतो, कारण तो न सांगता पुढचं समजणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ईशान्य भागात नद्यांच्या काठी कापडगिरण्या उभ्या राहिल्या. तोवर तिथल्या शेतकऱ्यांच्या घरी सूत घरीच निघायचं, कापडही घरीच विणलं जायचं. गिरण्या आल्या तसे चरखे माळ्यावर गेले, आणि चरख्यावर बसणाऱ्या मुली गिरणीत गेल्या. त्या गिरणीच्या वसतिगृहात राहत. घंटा वाजली की उठत, घंटा वाजली की जेवत. धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद असत आणि हवेत कापूस तरंगत असे. तरीही त्या मुलींनी स्वतःचं मासिक काढलं, संध्याकाळी व्याख्यानं ऐकली, आणि आत पुस्तक न्यायला बंदी होती म्हणून कवितेची पानं खिडकीला चिकटवून काम करता करता वाचली. हे वाचून मी भारावून गेलो होतो. माझ्या पेपरमध्ये ‘धाडस’ हा शब्द अकरा वेळा आला आहे असं मॅडमनी मोजून सांगितलं.

आता घरची गोष्ट. माझी धाकटी बहीण वैशाली, आम्ही वैशू म्हणतो, बारावी झाली आणि शिवणकाम करू लागली, कारण दोघांना एकदम शिकवणं घरच्यांना जमण्यासारखं नव्हतं. तिला सिल्वासाजवळच्या एका सूतगिरणीत काम मिळालं होतं. मुलींचं वसतिगृह, वॉर्डन, ठरलेल्या पाळ्या. शुक्रवारी सकाळी हजर व्हायचं होतं, म्हणजे गुरुवारी संध्याकाळची गाडी धरायलाच हवी. आमचे वडील, आप्पा, म्हणाले, “मला यातलं कळत नाही. योगेश शिकलेला आहे. तो हो म्हणाला तर जा.”

योगेश म्हणजे मी. मी दोन आठवडे काहीच म्हणालो नाही.

खरं सांगायचं तर माझ्याकडे दोन्ही बाजूंचे संदर्भ होते. एका बाजूला ते मासिक, ती व्याख्यानं. दुसऱ्या बाजूला बंद खिडक्या आणि हवेतला कापूस. आप्पा स्वतः जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात कामाला आहेत. त्या काळात अमेरिकेतही असंच एक यंत्र निघालं. त्यामुळे तिथल्या दक्षिणेत कापूस वाढला आणि तो वेचायला जुंपलेले गुलामही वाढले. तोच कापूस वेचून त्या धाडसी मुलींच्या गिरणीत जाई. हे मी आप्पांना एकदा समजावून सांगितलं. ते सगळं ऐकून “असं होय,” म्हणाले आणि खोकले. तो खोकला माझ्या डोक्यात बसला होता.

मी जळगावला कॉलेजच्या वसतिगृहात असतो. निघायच्या आदल्या दिवशी घरून वैशूचा फोन आला.

“दादा, हो की नाही?”

“पेपर होऊ दे. मग बघू.”

“पेपर शुक्रवारी आहे. मला शुक्रवारी तिथं असायचंय.”

“हो, ते आहे.”

“तुझ्या त्या अमेरिकेतल्या मुलींनी कुणाला विचारलं होतं रे?”

मी म्हणालो, “संदर्भ बघावा लागेल.”

ती हसली नाही. फोन ठेवला.

नानाखेडा, मंगळवार

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. बसमध्ये बसलो, बस बदलली, पुन्हा बसलो. संध्याकाळी उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवर उतरलो तेव्हा स्कूटरवर हेल्मेट घालून एक गृहस्थ माझ्या नावाची पाटी धरून उभे होते. हे पोतनीसकाका, आमच्या मॅडमच्या मावसबहिणीचे यजमान, वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी सरकारी दफ्तरात लिहिण्याच्या कामावर माळव्यात आले. तरी काकांनी पहिल्याच सिग्नलला मान वळवून मला सांगितलं, “आम्ही मूळचे वाईचे हं.”

काकू मूळच्या कुठल्या ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांची भाषाच सगळं सांगत होती.

“अरे ये, ये. बैठ. थकला असशील. पहले पाणी पी, मग हाथ-मुँह धू, मग नाश्ता लावते.”

मराठीच होती, पण मधून मधून हिंदीच्या गल्लीत जाऊन परत यायची. मला दोन दिवसांत ती इतकी आवडली की तिसऱ्या दिवशी मीही “गर्मी लागतेय” म्हणालो. काकांनी मान हलवून माझं अभिनंदन केलं.

पोह्यांबद्दल मात्र लिहायलाच हवं. आमच्याकडे पोहे फोडणीत परततात. इथे ते वाफेवर ठेवतात, वर बारीक शेव, कच्चा कांदा, आणि जीरावन नावाचा एक खमंग मसाला भुरभुरतात. शेजारी जिलबी. मी जिलबी बाजूला ठेवली, नंतर खाऊ म्हणून.

“नंतर काय, नंतर? एक घास पोहे, एक तुकडा जलेबी. आणि जीरावन अजून टाक, नाहीतर तुमच्या जळगावसारखे फीके लागतील.”

जळगावची बदनामी मी सहन केली, कारण पोहे खरंच चांगले होते.

खाता खाता काकूंनी विषय विचारला. मी सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि काकांकडे वळून म्हणाल्या, “ऐकलंत का? हा मुलगा अमेरिका बघायला उज्जैनला आला.” मग माझ्याकडे वळल्या. “घरी कोण कोण आहे?” मी आई, आप्पा, वैशू सांगितलं. वैशूचं कामही सांगितलं. माझ्या उत्तराबद्दल गप्प बसलो.

“मग जातेय ना ती?”

“अजून ठरायचंय.”

“कुणाचं ठरायचंय?”

मी जिलबीचा तुकडा तोंडात घातला. जिलबी पोह्यांसोबत का देतात ते मला तेव्हा कळलं.

राम घाट, बुधवार सकाळ

काकांनी सकाळी शिप्रेवर नेलं. उज्जैनात सगळे एकमेकांना “जय महाकाल” म्हणतात. दुकानदार म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, धक्का लागला तरी म्हणतात. आमच्याकडे धक्का लागला तर देवाचं नाव निघत नाही.

घाटावर एका गुरुजींनी मला बसवलंच. हातात पाणी, फूल दिलं. गोत्र विचारलं, ते मला आलं नाही. काका म्हणाले, “काश्यप म्हण, चालतं.”

“मनोकामना?” गुरुजींनी विचारलं.

“पेपर अच्छा हो जाए.”

“परीक्षा?”

“नहीं, पढ़ना है. सबके सामने. अमेरिका की मिलों के बारे में.”

गुरुजी क्षणभर थांबले. अमेरिकेतल्या मिलसाठी संस्कृतात काय म्हणावं याचा विचार करत असावेत. मग म्हणाले, “विद्या में आ जाएगा. और घर में?”

“बहन का... है एक.”

“विवाह?”

“नौकरी.”

“वो भी होता है,” गुरुजी म्हणाले. “लेकिन उसमें अड़चन क्या है, ये बोलना पड़ेगा.”

काका नदीकडे बघत होते. मी म्हणालो, “अड़चन घर की ही है.” गुरुजींनी पुढे विचारलं नाही. हातातलं पाणी सोडायला सांगितलं. मी सोडलं, पण अर्धं माझ्याच पँटवर सांडलं.

भैरवगढ, बुधवार दुपार

इथे मी मॅडमच्या आज्ञेवरून गेलो. त्या म्हणाल्या होत्या, “योगेश, तू छापील कापडावर चार पानं लिहिली आहेस. हाताने छापलेलं एक तरी कापड बघून ये.” माझ्या पेपरात एक भाग असा आहे की, अमेरिकन जहाजं हिंदुस्थानातून छापील सुती कापड नेत, आणि पुढे तिथल्या गिरण्यांनी तशीच नक्षी यंत्राच्या रुळावर कोरून मैलोन्‌मैल छापायला सुरुवात केली. त्या भागाचा शेवट मी असा केला होता: ‘अशा रीतीने यंत्रापुढे हातछपाई संपली.’ उज्जैनच्या कडेला असलेल्या भैरवगढात हातछपाई चालू आहे हे मला मॅडमनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

काका स्कूटर लावायला सावली शोधत गेले आणि मी एकटाच आत शिरलो. एक लांब खोली. लांब टेबलांवर जाड कापडाच्या गाद्या, त्यांवर ताणलेल्या चादरी. भिंतीशी लाकडी ठोकळ्यांची चळत. रंगाचा आणि ओल्या कापडाचा वास. ठोकळा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, वरून मुठीने एक ठोसा. ठप. मग पुढचा. ठप. त्या आवाजाला एक ताल होता.

मी हात जोडले आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, “नमस्ते. मैं महाराष्ट्र से आया हूँ. आपके काम का संशोधन करना है.”

ठप थांबला.

टेबलाशी उभ्या असलेल्या कारागिरांनी, रशीदभाई हे त्यांचं नाव मला नंतर कळलं, ठोकळा खाली ठेवला. “किसने भेजा?”

“कॉलेज ने.”

“कोई शिकायत आई है?”

मला वाटलं ते कुणाचं पत्र आणलं का विचारत आहेत. “हाँ, मॅडम की चिट्ठी है,” मी म्हणालो.

आतल्या बाजूला त्यांच्या थोरल्या बहीण, सलमा आपा, काम करत होत्या. पन्नाशीच्या, कोपरापर्यंत हात निळे. रशीदभाई त्यांना म्हणाले, “आपा, महाराष्ट्र से साहब आए हैं. हमारे काम में संशोधन करेंगे.”

आपांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग स्वतःच्या हातातला ठोकळा माझ्यापुढे धरला. “लो. करो.”

मला फार आनंद झाला. प्रत्यक्ष काम करून पाहायची संधी पहिल्याच भेटीत कोण देतं? मी वही बाजूला ठेवली, ठोकळा रंगात बुडवला, त्यांच्या आंब्याच्या, म्हणजे कोयरीच्या नक्षीच्या, रांगेत पुढचा आंबा ठेवला आणि जोरात ठोसा दिला. आंबा तिरका पडला. मी घाबरून ठोकळा हलवला, तर त्याच आंब्याला दुसरं शेपूट फुटलं.

रशीदभाई अगदी नम्रपणे म्हणाले, “अच्छा. अब ऐसा छापना है?”

तेवढ्यात काका आले. त्यांनी आंबा पाहिला, मला पाहिलं, आणि झालं काय ते विचारलं. मी म्हणालो, “काही नाही काका, यांना सांगितलं की संशोधन करायला आलोय.” काका मटकन स्टुलावर बसले आणि इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

“अरे बाबा, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती! सुधारणा!” मग रशीदभाईंकडे वळून, इथल्या पद्धतीने ‘भैया’चं ‘भिया’ करत, “भिया, ये शोध करने आया है, शोध. मराठी में शोध को संशोधन बोलते हैं.”

“तो ये हमें सुधारने नहीं आया?”

“ये? इसको तो गोत्र नहीं मालूम.”

मग सगळी खोली हसली. सलमा आपा सगळ्यात शेवटी हसल्या, पण सगळ्यात जास्त वेळ. त्यानंतर मी तिथून निघेपर्यंत माझं नाव ‘संशोधन साहब’ होतं. “संशोधन साहब, चाय लो.” “संशोधन साहब, रंग में बाँह मत डुबाओ.”

मी चादरीबद्दल माफी मागत राहिलो. आपा म्हणाल्या, “रुको.” त्यांनी चळतीतून एक लहान पानाचा ठोकळा काढला. माझ्या आंब्याच्या दोन शेपटांवर एक पान ठेवलं, ठप. शेजारच्या आंब्यालाही तसंच पान, ठप. त्याच्या शेजारच्याला, ठप. अशी सगळ्या रांगेला पानं आली आणि माझी चूक नक्षीत गेली. मुद्दाम शोधली तरच दिसली असती.

“देखो,” त्या म्हणाल्या, “ये होता है संशोधन.”

चहा घेताना त्यांनी माझा विषय विचारला. मी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. घंटा, वसतिगृह, खिडकीला चिकटवलेल्या कविता. आपा हात न थांबवता ऐकत होत्या.

“हवा में रुई उड़ती थी, फिर भी जाती थीं?”

“जाती थीं.”

“क्यों?”

माझ्या पेपरमधलं वाक्य मला पाठ होतं. मी म्हणालो, “कोई अपने लिए. और बहुत-सी लड़कियाँ भाई की पढ़ाई के लिए.”

ठप.

“अच्छा. भाई पढ़ गए?”

“हाँ. कोई वकील बने, कोई पादरी.”

“फिर भाई ने क्या किया?”

“मतलब?”

“मतलब बहन के लिए. उसकी बारी आई तब. क्या किया भाई ने?”

मी वही उघडली. चार पानं उलटली. मला खरंच वाटलं होतं की कुठेतरी असेल. मुलींच्या पत्रांची टिपणं होती, मालकांच्या नियमांची होती, घंटेच्या वेळांची होती. भावांबद्दल एक ओळ नव्हती.

“ये देखा नहीं मैंने,” मी म्हणालो.

“देख लेना,” आपा म्हणाल्या. त्यांना माझ्या घरचं काहीच माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं. ते चहाच्या कपात बघत होते.

त्या संध्याकाळी मी वैशूला फोन करणार होतो. पण आधी ‘हातछपाई संपली’ हे वाक्य खोडून नवीन लिहायला हवं होतं, आणि ते लिहिण्यात वेळ गेला. म्हणजे मी वेळ घालवला.

वेधशाळा, गुरुवार

उज्जैनात जुनी वेधशाळा आहे. दगडी बांधकामाची यंत्रं, त्यांत एक प्रचंड सूर्यघड्याळ. एक तिरकी भिंत, दोन्ही बाजूंना कमानी, आणि कमानीवर सरकत जाणारी भिंतीची सावली. सावली पाहायची आणि वेळ वाचायची.

घड्याळांत मला रस होता. माझ्या पेपरातल्या मुलींच्या काळात अमेरिकेतल्या खेड्यांत फेरीवाले यंत्राने केलेली स्वस्त घड्याळं विकत फिरत. तोवर लोक सूर्य बघून जेवत. मग फडताळावरचं घड्याळ बघून जेवू लागले. गिरणीत तर घड्याळ मालकाचं. ते मालकाच्या सोयीने मागेपुढे होतं अशी कामगारांची तक्रार असे.

मी सावलीवरची वेळ वाचली आणि मोबाइलशी ताडून पाहिली. जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. तिथल्या माहिती सांगणाऱ्या गृहस्थांना म्हणालो, “ये पीछे है.”

“पीछे नहीं है, भिया. ये उज्जैन का टाइम है. सूरज यहाँ जब सिर पर आता है, तब का. आपके मोबाइल में पूरे देश का एक टाइम है. मिलाना हो तो संशोधन करना पड़ता है.”

तो शब्द ऐकून मी दचकलो. “ग़लत कौन-सा है?”

“ग़लत कोई नहीं. बस, आप संशोधन करना भूल गए, तो आपकी गाड़ी छूट जाएगी.”

त्यांनी सहज म्हटलं. त्यांना बसबद्दल म्हणायचं असेल. पण मी मोबाइल पाहिला. बारा वाजून गेले होते. संध्याकाळी वैशूची गाडी.

मी सावलीत बसलो आणि वैशूला फोन लावला. बंद. आप्पांना लावला. वाजत राहिला. जिनिंगच्या आवाजात त्यांना फोन ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. पुन्हा वैशूला. बंद. घरी दोनच फोन. आई रोजाने शेतावर जाते, तिच्याकडे फोन नसतो.

मग मी निरोप लिहिला. पेपर लिहायला मला तीन महिने लागले, पण या निरोपानेही बराच वेळ घेतला. शेवटी पाठवला तो असा:

‘वैशू, इथे हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. माझं एक संशोधन: हो. जा. आप्पांना हे दाखव. मी आधीच सांगायला हवं होतं. नाकाला रुमाल बांध. खिडक्या उघड्या असतात का बघ.’

एकच बारीक खूण उमटली. निरोप गेला, पोचला नाही.

संध्याकाळपर्यंत मी ती खूण पाहत होतो. काकूंनी दाल-बाफले केले होते, म्हणजे उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले. मी दोन खाल्ले. काकू म्हणाल्या, “चेहरा का उतरलाय? पेपरची भीती वाटते?” मी सगळं सांगितलं. दोन आठवडे, संदर्भ, सगळं.

काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “तुझ्या त्या मिलवाल्या मुलींचं नाव काय सांगितलंस, धाडसी?” त्यांनी माझ्या ताटात तिसरा बाफला वाढला. “अकरा दफा लिहिलंस म्हणे. एक दफा घरी बोलला असतास तरी चाललं असतं रे.”

सहा वाजले. सात वाजले. गाडी गेली असणार. वैशू तीत होती की घरी मशीनवर बसून कुणाचं ब्लाउज शिवत होती, मला कळायला मार्ग नव्हता. तिचा फोन बंदच होता, आणि आता आप्पांचाही बंद लागत होता. ती रागावून बंद करून बसली असेल असंच मला वाटत राहिलं.

चर्चासत्र, शुक्रवार

सभागृह मोठं, माणसं पुढच्या तीन रांगांत. मी हिंदीत पेपर वाचला. ‘संशोधन’ जिथे जिथे होतं तिथे तिथे ‘शोध’ म्हटलं. ‘धाडस’ अकराऐवजी चार वेळा म्हटलं. हातछपाईबद्दलचं नवीन वाक्य वाचलं: यंत्र आल्यावर हातछपाई आक्रसली, पण संपली नाही, परवाच एका ठिकाणी मी स्वतः एक आंबा बिघडवून आलो आहे. लोक हसले. मग शेवटी मी लिहिलेलं नसलेलं एक वाक्य म्हटलं. “बहुत-सी लड़कियों ने भाइयों की पढ़ाई के लिए काम किया. भाइयों ने क्या किया, इस पर मेरा शोध अधूरा है.”

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. “अधूरा क्यों? भाई लोग चिट्ठी नहीं लिखते थे क्या?”

“लिखते थे,” मी म्हणालो. “देर से.”

सगळे पुन्हा हसले. अध्यक्षही हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. खाली बसल्यावर पोतनीसकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

परत, शनिवार

नानाखेडा स्टँडवर काकूंनी शेवेचं पाकीट, जीरावनची पुडी आणि जिलब्यांचा डबा दिला. “वैशूला दे. घरी असली तर.” मग स्वतःच म्हणाल्या, “नसली तर तूच खा, पण पोह्यांसोबत.” काका म्हणाले, “वाईला गेलास कधी तर आमचं गाव बघून ये. आम्ही अजून गेलो नाही.” सलमा आपांनी रशीदभाईंच्या हाती एक रुमाल पाठवला होता. त्यावर एक आंबा, दोन शेपटांचा, वर पान नाही. जसा मी छापला तसाच, मुद्दाम.

बस बडवाहला चहासाठी थांबली. मी खाली उतरलो नाही. मांडीवर डबा, हातात फोन. गुरुवारपासून ती एकच खूण. तेवढ्यात तिच्या शेजारी दुसरी उमटली, आणि माझ्या बघता बघता दोन्ही निळ्या झाल्या. मग बराच वेळ ‘टाइप करत आहे’ येत-जात राहिलं. मग ते थांबलं आणि आवाजातला निरोप आला. तो जसा ऐकला तसा खाली लिहितो.

“दादा, तुझं संशोधन पोचलं. आत्ता. इथं फोन वॉर्डनबाईंकडं जमा असतो, शनिवारी दुपारी मिळतो. आप्पा मला सोडायला आले होते, त्यांचा फोन घरीच राहिला. तू मंगळवारी बसमध्ये बसलास ना, त्याच संध्याकाळी मी आप्पांना सांगितलं, दादा हो म्हणालाय. ते म्हणाले, मग बुधवारीच निघू. दोन दिवस मला भीती वाटत होती की तू फोन करून नाही म्हणशील आणि मी खोटी पडेन. आता नाही पडणार. तू हो लिहिलंयस, तारीख जरा उशिराची आहे, पण आप्पा काही तारीख बघत नाहीत. रुमाल बांधते. खिडक्या बंद असतात, मी विचारलं. सकाळी साडेपाचला घंटा होते. माझ्या खोलीत तिघी आहेत, एक झारखंडची आहे, ती गाते. आणि तुझ्या पेपरात दुरुस्त करून घे दादा. मुली कुणाला विचारायच्या, ते तू संदर्भात शोधत होतास ना? विचारायच्या. उत्तराची वाट बघत नव्हत्या. ठेवते, चार्जरसाठी पुढची उभी आहे.”